पारडापुढचं पातेलं

नेरच्या दूध-शिबिरात शेवटच्या दिवशी, कोणाला किती समजलं ते विचारायचं काम माझ्याकडे होतं. त्याला मूल्यमापन म्हणत. तेव्हा समोर बसलेल्या एकाचं नाव मी विसरलो. हात मात्र विसरलो नाही. नुकताच बौद्ध झालेला, घरी एकच म्हैस असलेला माणूस. पहिल्या दिवशी तोंडही न उघडलेला तो आता सगळी उत्तरं बरोबर देत होता. मग शिबिरातल्या म्हशीची धार काढून दाखवायची होती. त्यानं कोपरापर्यंत हात धुतले, कास पुसली, पहिली धार बाजूला टाकली, दूध फडक्यातून पातेल्यात गाळलं. नाव ठेवायला जागा नव्हती.

थोड्या वेळानं चहा झाला. बाकीच्यांना त्याच्या हातचं नको, म्हणून दूध गावातून आणलं होतं. त्याचं पातेलं कोपऱ्यात तसंच राहिलं.

"शिबिराचा काय फायदा झाला?" मी शेवटचा प्रश्न विचारला.

त्यानं दोन्ही हात पुढे केले.

"हात कसे धुवाचे ते शिकलो, साहेब. पन माह्या हातचं दूध घ्याचं, हे गावाले कोन शिकवून राह्यलं?"

उठताना त्यानं ते पातेलं त्या म्हशीच्या पारडापुढे सरकवलं. पारडाला कोणी काहीच शिकवलं नव्हतं. त्यानं ते तळापर्यंत चाटून प्यायलं.