ओठ हलवत दिलेली परीक्षा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. तीही मी चढले ती अमेरिकेतल्या पार्सिपनी गावच्या अपार्टमेंटमध्ये, जेवणाच्या टेबलाशी बसून. विद्यापीठ ब्रिटनमधलं; मी ते अजूनही पाहिलेलं नाही.

बारावीनंतर लग्न झालं आणि नवऱ्याच्या नोकरीबरोबर मी अमेरिकेत आले. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नाही, शिकता मात्र येतं. इथल्या एका कॉलेजला फोन केला तर त्यांनी इतक्या परीक्षा आणि प्रमाणपत्रं सांगितली, की मी 'थँक यू' म्हणून फोन ठेवून दिला. ब्रिटनमधल्या या विद्यापीठाच्या दूरशिक्षण विभागानं फक्त एवढंच विचारलं, की तुम्हाला हा विषय का शिकायचा आहे. मी लिहिलं, माझी मुलगी पाच वर्षांची आहे आणि ती कशी शिकते हे मला समजून घ्यायचं आहे. त्यांनी मला घेतलं. बालशिक्षणाची पदवी! काही दिवस मी हे नवऱ्याशिवाय कुणालाच सांगितलं नाही. न जाणो, त्यांचीच काहीतरी चूक झालेली असायची.

वर्ग भरायचा तिकडच्या संध्याकाळी, म्हणजे माझ्या दुपारी. स्कॉटलंडमधला एक ट्रक ड्रायव्हर गाडी बाजूला लावून तास ऐकायचा. वेल्समधल्या एका आजींच्या मांजराची शेपटी कायम कॅमेऱ्यावरून फिरायची. आमच्या शिक्षिका सांगायच्या, की पूर्वी दूरशिक्षण म्हणजे पोस्टानं येणारी जाड पाकिटं आणि परीक्षेला मात्र जवळच्या शहरातल्या हॉलमध्ये जायचं. आता पाकिटं गेली, हॉलही गेले, सगळं पडद्यावर आलं. बाकीचे त्यांना सरळ नावानं हाक मारत. मला ते जमेना. मी मॅडमच म्हणत राहिले आणि त्या दर वेळी हसत राहिल्या.

वर्षाची परीक्षाही घरूनच होती. सुरू करण्याआधी लॅपटॉप उचलून सगळी खोली कॅमेऱ्याला दाखवायची असते. टेबलाखालची जागा दाखवली, पडद्यामागची दाखवली. देव्हाऱ्याशी आल्यावर हात थबकला, मग म्हटलं, बघा बाबा, इथेही कुणी लपलेलं नाही. नवरा मुलीला घेऊन लायब्ररीत गेला होता. प्रश्न उघडले आणि मला सगळं येत होतं. हे लिहितानाही जरा संकोच वाटतो, पण खरंच येत होतं. वेळ संपली तेव्हा मी लॅपटॉप मिटला आणि रिकाम्या स्वयंपाकघरात एकटीच नाचले.

निकालाची वाट बघत होते, तर वेगळाच मेल आला. परीक्षेवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरनं माझ्या नावापुढे खूण केली होती. विद्यार्थिनीचे ओठ जवळजवळ सतत हलत आहेत, खोलीत इंग्रजी नसलेलं बोलणं ऐकू येत आहे, ती कुणाची तरी मदत घेत असावी. मला समितीसमोर ऑनलाइन हजर राहायचं होतं. संशय खरा ठरला तर माझं नाव कमी होणार होतं. आधीच चूक कबूल केली, तर मात्र पुढच्या वर्षी पुन्हा बसता येणार होतं.

नवऱ्यानं मेल पुन्हा पुन्हा वाचला. "म्हणजे कॉपी केस?"

"कॉपी नाही हो केली मी."

"अगं, मला माहितीये. पण तू बोलत काय होतीस?"

मला आठवेचना. मी बोलत होते हेच मला माहीत नव्हतं.

खालच्या मजल्यावरच्या काकू निवृत्त डॉक्टर आहेत. या देशात त्यांचं अख्खं आयुष्य गेलंय. त्यांना विचारायला गेले, तर आधी त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे रोखून पाहिलं. "खरं सांग हं. नवरा होता ना शेजारी?"

"काकू, त्यांना बालशिक्षणातलं काय येतंय?"

"तेही खरंच. त्याला तर डायपरसुद्धा उलटा लावताना पाहिलाय मी." मग त्या गंभीर झाल्या. "हे बघ, सॉरी म्हण आणि मोकळी हो. उगाच वाद घालू नकोस. एक वर्ष गेलं तर गेलं."

मी मान डोलावली. मोठ्या माणसांसमोर मी नेहमीच मान डोलावते. पण जिने चढताना मी मध्येच थांबले. सॉरी म्हणायचं म्हणजे मला जे येत होतं, ते येत नव्हतं असं म्हणायचं. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी नीट आलं होतं आणि तेच परत द्यायचं होतं. दार उघडताच मी नवऱ्याला म्हटलं, "मी बोलणार आहे त्यांच्याशी."

तो म्हणाला, "बोल यार. बिनधास्त बोल."

सुनावणी सकाळी होती, मुलगी शाळेत गेल्यावर. पुन्हा संशय नको म्हणून नवरा चहाचा मग घेऊन खाली पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसला. पडद्यावर दोघंच होते, समितीच्या अध्यक्षबाई आणि विषयाचे परीक्षक. अध्यक्षबाईंचा आवाज मऊ होता. त्यामुळे माझी भीती आणखीच वाढली. त्या म्हणाल्या, "आम्ही रेकॉर्डिंगचा एक तुकडा लावतो. तुम्ही काय म्हणता आहात, ते आम्हाला सांगा."

आणि मी माझाच आवाज ऐकला. हळू, घाईघाईचा, भाजी निवडताना येतो तसा. 'हां, म्हणजे मूल आधी मोठ्यानं बोलतं. बरोबर. मग आतल्या आत बोलायला लागतं. येतंय बाई तुला, घाबरू नकोस. आता उदाहरण दे. लेगोचं दे. हां, लिही.'

मला इतकं लाजल्यासारखं झालं की मी तोंडावर हात ठेवला. मग ओळीओळीनं इंग्रजीत सांगितलं. 'घाबरू नकोस'पाशी माझा आवाज जरा हलला.

परीक्षकांनी विचारलं, "हे तुम्ही कोणाला म्हणत होता?"

"स्वतःला, सर. दुसरं कुणी नव्हतं."

"तुम्ही नेहमीच असं बोलता?"

तेव्हा मी त्यांना आईबद्दल सांगितलं. आधी ठरवलेलं नव्हतं. माझ्या आईला वाचता येत नाही. पण मुलांनी शिकलंच पाहिजे हा तिचा हट्ट. ती भाकऱ्या थापत असायची आणि आम्ही भावंडं भिंतीला टेकून धडे वाचायचो. पुस्तकात काय आहे ते तिला कळायचं नाही; आवाज येतोय की नाही, एवढंच कळायचं. कुणी गप्प झालं की ती आतून ओरडायची, "आवाज येऊ दे!" आवाज थांबला म्हणजे अभ्यास थांबला, हा तिचा हिशोब. माझा थोरला भाऊ तर क्रिकेटची कॉमेंट्रीसुद्धा धड्याच्या चालीत म्हणायचा आणि आई खूश व्हायची. मी म्हटलं, "मला आजही मनातल्या मनात वाचता येत नाही. इंग्रजी वाचते आणि मराठीत स्वतःला समजावते. तसं केलं नाही तर मला समजत नाही."

कॉमेंट्रीवर अध्यक्षबाई हसल्या. परीक्षक मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "तुमच्या पेपरमधला एक प्रश्न मी थोडा फिरवून विचारतो. इथेच, आत्ता. चालेल?"

"चालेल. पण मी आधी जरा पुटपुटले तर?"

"अवश्य," ते म्हणाले.

प्रश्न असा होता, की वर्गात एखादं मूल काम करताना एकसारखं बडबडत असेल तर शिक्षकानं काय करावं. मी डोळे मिटले आणि कुणाची भीड न ठेवता मराठीत बोलून घेतलं. मग डोळे उघडले आणि इंग्रजीत सांगत सुटले. माझी मुलगी लेगो जोडताना स्वतःलाच सूचना देते, निळा इथे, नाही नाही, तिथे. तिला गप्प केलं तर हात थांबतात. ती बडबड म्हणजे तिच्या विचाराची काठी आहे. आधार लागेनासा झाला की बडबड आपोआप मनात जाते. काहींच्या बाबतीत वेळ लागतो, काहींची थोडी बाहेरच राहते, आणि शिक्षकानं ती काठी हिसकावून घेऊ नये. मग आमच्या पुस्तकातले मुद्दे आणि त्यांवरचे आक्षेप सांगितले, आणि एक आक्षेप मला पटत नाही, असंही. मला पटत नाही! एका प्राध्यापकाला हे मी म्हटलं होतं. मी थांबले तेव्हा परीक्षक लिहीत होते आणि अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं होतं.

"माझे प्रश्न संपले," परीक्षक म्हणाले. "तो आक्षेप मलाही फारसा पटत नाही."

खाली गेले तर नवरा गाडीची काच खाली करून बसला होता. "काय झालं?"

"माहीत नाही. पण मी बोलले."

पुढच्या शनिवारी मुलीच्या पोहण्याच्या क्लासला आम्ही बाकावर बसलो होतो. क्लोरिनचा वास, मुलांचा गोंगाट, आणि फोन वाजला. विद्यापीठाचा मेल. नवरा म्हणाला, "वाच ना, काय म्हणतायत?"

मी वाचू लागले, मोठ्यानं. संशयाला आधार नाही. पेपर ग्राह्य. पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण. मोठ्यानं विचार करत परीक्षा देणाऱ्यांना यापुढे तसं आधी कळवता येईल. आणि पुढच्या वर्षी आमच्या विषयात एका पेपरला कॅमेऱ्याच्या पहाऱ्याऐवजी परीक्षकांशी थेट बोलणं असेल.

नवऱ्यानं मुठी आवळून असा काही जल्लोष केला की लाइफगार्डनं शिट्टी तोंडाशी नेली. पुढच्या बाकावरच्या बायका वळून बघायला लागल्या. एरवी मी आवाज खाली आणला असता.

मुलगी पाण्यातून काठाशी आली, गॉगल कपाळावर चढवून. "आई, व्हाय आर यू सो लाउड?"

"कारण मी पास झालेय," मी म्हटलं, आणि तिलाही सगळं ऐकू जावं म्हणून मेल पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.