माझ्या पोटाचं ऑडिट

माझ्या पोटदुखीशी माझ्या सासुरवाडीचा काहीही संबंध नाही, हे सिद्ध व्हायला दीड महिना लागला. तोवर सासुरवाडीने माझ्याशी संबंध ठेवलाय की नाही, हे मात्र रोज सकाळी तपासून बघावं लागत होतं.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी खात्यात आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचा मला पगार मिळतो. राहायला चिखलीत, रोजचं जाणं-येणं मोटारसायकलवर. दुपारचं जेवण कंपनीच्या कॅन्टीनला आणि रात्रीचं घरी, बायकोच्या म्हणजे मंगलच्या हातचं. गेल्या हिवाळ्यापर्यंत या व्यवस्थेबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती.

मग एके दिवशी जेवून उठलो आणि पोटात दुखायला लागलं. (शेजाऱ्याची नवी गाडी बघून दुखतं ते नव्हे. खरंखुरं!) बेंबीभोवती कळ, पोट नगाऱ्यासारखं, आणि आतून असे आवाज, की मंगल वर बघून म्हणाली, "वरच्यांनी आज कपाट हलवायला काढलंय वाटतं!"

मी ओवा खाल्ला, हिंग लावला, ताक प्यायलो. कंपनीतल्या एकाने सांगितलं, "राव, तुझी बेंबी सरकलीय," आणि लंच टाइममध्ये मला टेबलावर झोपवून अंगठ्याने ती जागेवर आणली. त्यानंतर दोन दिवस पोटाबरोबर अंगठ्याची जागाही दुखत होती.

शेवटी डॉक्टर गाठले. रक्त झालं, सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल! खरं सांगतो, मी मनातून घाबरलो होतो. वय अठ्ठेचाळीस, वजन वाढतंय आणि पोट रोज दुखतंय, अशा माणसाच्या डोक्यात काय काय येतं ते बायकोलाही सांगता येत नाही. त्यात रिपोर्ट नॉर्मल आले की दुखणारा माणूस खोटा ठरतो ते वेगळंच.

डॉक्टर म्हणाले, "काहींचं आतडं हळवं असतं. इरिटेबल बॉवेल म्हणतात, तसं असू शकेल. पण लगेच शिक्का नको मारायला. तीन आठवडे वही ठेवा. काय खाल्लं, कधी खाल्लं, कधी दुखलं, सगळं लिहा."

वही ठेवा! क्वालिटीवाल्या माणसाला वही ठेवा म्हणणं म्हणजे माकडाला झाडावर चढ म्हणण्यासारखंच. मी त्याच संध्याकाळी दोनशे पानी वही आणली, पट्टीने रकाने आखले. तारीख, वेळ, पदार्थ, पुरवठादार, दोष. तीन आठवडे ताटात पडलेला एक कणही मी नोंदीतून सुटू दिला नाही. 'फोडणीतला लसूण, पाकळ्या तीन' इथपर्यंत!

तीन आठवड्यांनी सगळं जुळवून बघितलं आणि मला घाम फुटला. दुपारी कॅन्टीनचं जेवलो, दुखलं नाही. ओव्हरटाइमच्या दिवशी रात्रीचंही कॅन्टीनला जेवलो, दुखलं नाही. रात्री घरी जेवलो, दुखलं. 'पुरवठादार' या रकान्यात घरचा पुरवठादार एकच होता, आणि त्याच्या हातात त्या वेळी लाटणं होतं.

मी वही शहाण्यासारखी कपाटावर टाकली. पण मंगलने त्याच आठवड्यात कपाटावरची धूळ काढली.

"अहो," ती वही हातात घेऊन म्हणाली, "पुरवठादार मंगल, दोष पोटदुखी. सोळा वेळा लिहिलंय."

"अगं, तो नुसता फॉरमॅट आहे."

"आणि कॅन्टीनपुढे लिहिलंय, 'समाधानकारक'!"

"ते तुलनेने..."

"चोवीस वर्षं झाली लग्नाला. कधी म्हणालात का हो मला, समाधानकारक?"

त्या रात्री आमटी बिनफोडणीची होती. दुसऱ्या दिवशी भाजीत तेल नव्हतं, तिसऱ्या दिवशी तिखट नव्हतं, आणि चौथ्या दिवसापासून बोलणंही नव्हतं. पोट मात्र नेमाने दुखत होतं!

पाचव्या दिवशी सासूबाईंचा फोन आला. सासुरवाडी कुरुळीची, म्हणजे माझ्या कंपनीच्या वाटेवरच. आमच्या घरात काही घडलं की ते मला कळायच्या आधी कुरुळीत कळतं.

"जावयबापू, माज्या लेकीच्या हातचं खाऊन तुमचं प्वाट दुखतंय म्हनं?"

"तसं नाही हो आई..."

"वहीत लिवलंय का न्हाई?"

"लिहिलंय."

"मंग आसं करा. आठ दिस माज्या हातचं खावा. सांजच्याला कंपनीतनं येताना डबा घेऊन जावा. मंग कळंल, खोट चुलीत हाय का तुमच्या प्वाटात!"

मला हे एकदम पटलं. पुरवठादार बदलून चाचणी घेणं ही आमच्या धंद्यातली जुनी रीत. सोमवारपासून रोज संध्याकाळी सहाला मी कुरुळीत डबा घ्यायला लागलो. बाजरीची भाकरी, मुगाचं वरण, दुधीची भाजी. घरी येऊन जेवायचो. सोमवारी दुखलं. मंगळवारी दुखलं. बुधवारी तर कपाट हलवल्याचे आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेले.

आता प्रामाणिक माणसाने काय करावं? मी वहीत लिहिलं, 'पुरवठादार सासूबाई, दोष कायम.' पंधरा मिनिटांत कुरुळीहून फोन!

"आमी तेरा मान्सांच्या खटल्याला रांधून घातलंय जावयबापू! एकाचं प्वाट कवा दुखलं न्हाई!"

म्हणजे आता आई आणि लेक, दोन्ही पुरवठादार माझ्यावर नाराज. पोट होतं तिथंच होतं.

बुधवारी जेवणं झाल्यावर मंगल वही घेऊन समोर बसली. पाच-सहा दिवसांनी ती आपण होऊन बोलत होती, म्हणून मी खुशीत होतो.

"रविवारी दोन्ही वेळा माझ्याच हातचं जेवता ना?"

"हो."

"मग एकाही रविवारी दुखल्याचं लिहिलेलं नाही."

"ते अपवाद आहेत."

"सगळेच रविवार?"

"डेटा कमी आहे गं अजून."

"बरं. आई सहाला डबा देते. तुम्ही घरी पावणेआठला. कुरुळी ते चिखली एवढ्याशा वाटेला?"

"ट्रॅफिक!" मी म्हणालो. चाकणच्या रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला हे एक कारण देवाने असं दिलंय, की त्यावर कुणी शंका घेऊच शकत नाही.

मंगलने नुसती वही मिटली. बायको वही मिटते तेव्हा सावध व्हावं, एवढं मला कळायला हवं होतं.

गुरुवारी नेहमीप्रमाणे डबा घेतला आणि हायवेला आलो. कंटेनर एकामागे एक उभे. पुढे जायला वाव नव्हता, म्हणून नेहमीप्रमाणे गाडी कुरुळी फाट्यावरच्या आप्पाच्या वडापावच्या टपरीकडे घेतली. सासूबाईंचा डबा हँडलला लटकत होता. एक वडापाव संपला होता, दुसरा अर्धा हातात होता, दुसऱ्या हातात तळलेली मिरची, आणि गाडीच्या सीटवर चहा. तेवढ्यात मागून आवाज आला.

"अहो, चटणी राहिली होती."

वळून बघतो तर मंगल! हातात चटणीची बरणी. तिच्यामागे पदर खोचलेल्या सासूबाई. (कंपनीत मी शंभरदा सांगितलं असेल, 'खुर्चीत बसून कारण सापडत नाही, न कळवता जागेवर जावं लागतं.' घरी येऊन हे सांगायची मला काय गरज होती?)

मला बोलायला तोंड मोकळं नव्हतं. तेवढ्यात आप्पाच्या उत्साहाला भरतं आलं.

"या या! साहेबांच्या घरच्या का? साहेब, भजी आत्ता टाकू का दुसऱ्या चहाला?"

"दुसरा चहा?" सासूबाईंनी विचारलं.

"तर वो मावशी! रोज दोन वडापाव, एक प्लेट भजी, दोन चहा. ट्रॅफिक लई आसलं तर तिसरा वडा. साहेबांनी कधी खाडा केला न्हाई. फक्त रविवारी आन् ओव्हरटाइमला येत न्हाईत."

तीन आठवडे रकाने आखून मला जे सापडलं नव्हतं, ते आप्पाने झारा हलवत एका दमात सांगितलं.

"हे वहीत कुठंय?" मंगलने विचारलं.

"अगं, हे खाणं नाही."

"मग काय आहे?"

"हे... उभ्याने आहे!"

देवाशपथ सांगतो, मी काही लपवलं नव्हतं. माझी आई लहानपणी ओरडायची, 'उभ्याने खाल्लेलं अंगी लागत नाही रे!' पोरांनी पाटावर बसावं म्हणून ती बिचारी ओरडायची. मी ती सवलत समजलो. लागत नाही, तर मोजायचं कशाला? टपरीवरचं खाणं म्हणजे माझ्या लेखी ट्रॅफिकचाच भाग होता.

"अंगी न्हाई लागलं," सासूबाई म्हणाल्या, "प्वाटाला लागलं की वो!" आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, की शेजारच्या कंटेनरचा ड्रायव्हर खाली वाकून बघायला लागला.

मंगल मात्र हसली नाही. तिचे डोळे भरले होते. "तेल बंद केलं, तिखट बंद केलं," ती हळूच म्हणाली. "तरी दुखतंय म्हटल्यावर मला वाटायला लागलं, माझ्या हातालाच काही झालंय. पीठ मळताना हात थांबायचा माझा."

मला पोटापेक्षा वर कुठंतरी दुखलं. हातातला अर्धा वडापाव मी खाली ठेवला. (आप्पाने सांगितलं, हे त्याने पहिल्यांदाच बघितलं.) "चुकलो मंगल," मी म्हणालो. "तुझ्या हाताला काही झालेलं नाही. डोळे माझे गेले होते." टपरीवर, भर ट्रॅफिकमध्ये, सासूबाईंसमोर! तिने डोळे पुसले, चटणीची बरणी पिशवीत परत ठेवली आणि म्हणाली, "ही आता महिनाभर मिळायची नाही."

डॉक्टरांनी दुरुस्त केलेली वही वाचली आणि चष्मा काढून बराच वेळ हसले. मग म्हणाले, आतडं हळवं आहेच, पण हळव्या माणसाला तुम्ही रोज संध्याकाळी लाथा घालत होतात. आता दुखणं पुष्कळ कमी आहे. गेलंय असं म्हणवत नाही. कंपनीत ऑडिट असलं की पोट अजून आवाज करतं. पण आता ते कुणाच्या स्वयंपाकावर आळ घेत नाही.

वही आता मंगलकडे असते. पुरवठादाराच्या रकान्यात तिने आधीच पानभर माझं नाव लिहून ठेवलंय, आणि नियम एकच, तोंडात काहीही घालायचं ते बसून. त्यामुळे परवा शेजारी सत्यनारायणाला गेलो, गुरुजींनी हातावर प्रसाद ठेवला, मागून मंगल नुसती खाकरली, आणि तुडुंब भरलेल्या हॉलमध्ये मी, चाकणचा वीस वर्षं मुरलेला क्वालिटी इन्स्पेक्टर, चमचाभर शिरा हातात घेऊन यजमानांना विचारत होतो, "जरा खुर्ची मिळेल का हो?"