हिरवा दिवा लागेपर्यंत

नूरभाईंची आणि माझी पहिली भेट वादानेच झाली. आमच्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेतला एक व्होल्टमीटर त्यांच्या पुसदच्या रेडिओ दुकानात दुरुस्तीला दिला होता आणि दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक परीक्षा होती. मी पायरीवर उभी राहून मीटर मागितला. तो काउंटरवर जोडलेला दिसत होता, काटाही हलत होता. तरी ते देईनात.

"चालू झाला म्हून बरोबर झाला, असं नसते मॅडम. बसा, चाय घ्या."

मी बसले नाही, चहाही घेतला नाही. संध्याकाळी मीटर घरपोच आला. सोबत चिठ्ठी होती: काटा शून्याच्या किंचित डावीकडे थांबत होता, आता थांबत नाही.

नूरभाईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात त्यांच्या कारागिरीबद्दल इतर मंडळी लिहितील. मला जे लिहायचे आहे ते दुसऱ्या कोणाला लिहिता येणार नाही, कारण त्यातली चूक माझी आहे.

कापसाची ती वाईट वर्षे होती. खरेदी केंद्रावर ग्रेडर गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात खुपसत, मूठ दाबत आणि ओला की कोरडा ते सांगत. ओला म्हटला की गाडी परत. मुठीशी वाद घालता येत नाही. नूरभाईंना हे खटकले आणि त्यांनी ओलावा मोजायचे यंत्र करायला घेतले. एका पत्र्याच्या डब्यात त्यांनी ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या समोरासमोर बसवल्या. मध्ये कापूस भरला की त्या पट्ट्यांचा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारी जोडी, होई. कापूस जितका ओला, तितका हा कपॅसिटर रेझिस्टरमधून विजेने भरायला जास्त वेळ घेई, आणि तो वेळ एक मायक्रोकंट्रोलर मोजत असे. ही चिप ते पन्नाशीनंतर पुस्तकावरून शिकले. इंग्रजी शब्द अडला की वहीत उतरवून माझ्याकडे येत आणि अर्थ कळला की लगेच उठत. कोणाचा वेळ त्यांनी कधी फुकट घेतला नाही.

उन्हात रेझिस्टर तापला की वेळ बदलतो, हे त्यांना पहिल्याच उन्हाळ्यात दिसले. त्यांनी जुन्या रेडिओतला, उन्हाने न बदलणारा अभ्रकाचा एक कपॅसिटर आत बसवला. यंत्र आधी त्याचा वेळ मोजे, मग कापसाचा, आणि दोन्हींचे गुणोत्तर काढी. "दुकानदार रिकामा तराजू पाहून घेते ना आंधी? तसंच हाय हे," ते म्हणाले. मी आयुष्यभर शिकवलेली गोष्ट त्यांनी एका वाक्यात सांगितली होती.

केंद्र चालवणारी समिती यंत्र ठेवायला तयार झाली. अट एकच, महाविद्यालयाचे पत्र हवे. ते पत्र मी द्यायचे होते.

चाचणीच्या दिवशी मला बैठकीला जायचे होते. डब्यात कापूस भरला, बटण दाबले: बारा टक्के ओलावा. लगेच पुन्हा दाबले: अकरा. पुन्हा: दहा. एकाच कापसाचे तीन आकडे. नूरभाई काही सांगू लागले, मी हात वर करून त्यांना थांबवले आणि तिथेच लिहिले: "मापन विश्वसनीय नाही." त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि डबा उचलून निघून गेले.

त्या हंगामात केंद्रावर मूठच राहिली. आमच्या प्रयोगशाळेच्या परिचर सुमनबाई यांची दोन एकर शेती होती. एके दिवशी त्या उशिरा आल्या. मी कारण विचारले.

"गाडी वापस आनली मॅडम. हात घातला अन् म्हने वला हाय. तीन दिवस अंगनात वाळवला होता मी." मग म्हणाल्या, "नूरभाईचा डब्बा होता म्हने. तुमीच नाही म्हटलं काहून?"

एकाच कापसाचे तीन आकडे देणाऱ्या यंत्राला पत्र देता येत नाही, हा नियम मी सांगितला. त्यांनी तो ऐकून घेतला आणि झाडू उचलला.

हंगाम संपल्यावर नूरभाई डबा घेऊन पुन्हा आले. आता त्यावर एक हिरवा दिवा होता. एकदा मोजले की दिवा विझे, आणि पुन्हा लागेपर्यंत बटण कामच करत नसे. मी तीनदा मोजले. बारा, बारा, बारा.

"हा दिवा कशाला?" मी विचारले.

"कापसात वीज मुरते मॅडम, पानी मुरते तशी. पुरी निघायले टाइम लागते. आंधीची उरली तं पुढचा आकडा कमी येते."

कपॅसिटर पूर्ण रिकामा केल्याशिवाय दुसरे वाचन घ्यायचे नाही, हा माझ्या वर्गातला पहिला नियम. तो मोडणाऱ्या मुलांचे मी गुण कापत असे.

"म्हणजे त्या दिवशी चूक माझ्या हाताची होती. मी थांबवले तरी तुम्ही सांगून का टाकले नाही?"

"तुमी घड्याळ पाहून राह्यल्या होत्या." मग हसून म्हणाले, "चूक मशीनचीच हो. घाईच्या मानसालेबी बरोबर सांगन, तेच मशीन."

मी त्याच दिवशी दुसरे पत्र लिहिले. तोवर समितीने बाहेरची तयार यंत्रे मागवली होती. ती बरी होती. पण मधला एक हंगाम गेला तो गेलाच. नूरभाईंचा डबा केंद्रावर कधी लागला नाही. तो त्यांच्या दुकानात असतो, आणि सुमनबाईंसारखे कितीतरी लोक गाडी भरण्याआधी मूठभर कापूस पिशवीत बांधून तिथे येतात. या सगळ्या वर्षांत नूरभाईंनी माझ्या त्या कागदाचा उल्लेख एकदाही केलेला नाही. सुमनबाईंनाही त्यांनी एवढेच सांगितले होते, की यंत्र तेव्हा कच्चे होते.

ते कच्चे नव्हते. माझा तो अभिप्राय मी येथे, सर्वांसमक्ष, मागे घेते.

गेल्या महिन्यात मी त्यांच्या दुकानात गेले. पायरीवर उभी राहिले नाही; आत बसले, चहा घेतला, आणि हिरवा दिवा लागेपर्यंत बटणाला हात लावला नाही. एवढे शिकायला मला फार वर्षे लागली. आमच्यात असे सावकाश शिकणारे अजून पुष्कळ आहेत. म्हणून नूरभाईंनी स्वतःची तब्येत जपावी, आणि आमचे शिकून होईपर्यंतची सगळी वर्षे आम्हाला द्यावीत.