माझा मसुदा कोण वाचत होतं

सोमवारच्या बैठकीत माझं वाक्य मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं.

"दुसऱ्याची फाईल उघडता येत नाही एवढं पुरेसं नाही, ती तिथं आहे हेही कळता कामा नये."

शब्द न् शब्द माझा. शनिवारी ऑफिस सुटायच्या आधी मी ते लिहिलं होतं, पुन्हा वाचून स्वतःवरच खूश झाले होते आणि मशीन बंद करून पिरनवाडीची बस धरली होती. कुणाला दाखवलं नव्हतं. आणि आता माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी चहाचा कप फिरवत ते असं म्हणत होता, जणू त्याला आंघोळीच्या वेळी सुचलं असावं.

सरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, मान डोलावली. "छान आहे. पुस्तकात घ्या."

त्या दिवसापासून माझं कामात लक्ष कमी आणि त्या माणसावर जास्त.

आमचं ऑफिस टिळकवाडीत, एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर. कॉलेजांच्या संगणक प्रयोगशाळा आम्ही उभ्या करून देतो. आत एक मोठा संगणक, त्यावर सगळ्या मुलांची खाती. शेकडो मुलं एकाच घरात राहतात म्हणा, पण प्रत्येकाची खोली वेगळी. कुणी कुणाच्या खोलीत शिरू नये याची काळजी ऑपरेटिंग सिस्टीम घेते, आणि ती कशी घेते याचे नियम असतात. फाईलच्या मालकाला काय करता येईल, त्याच्या गटातल्यांना काय, बाकीच्यांना काय. वाचणं, लिहिणं, आत शिरणं. नियम मोजकेच, पण एकमेकांत असे गुंतलेले की एक ढिला सोडला तर बाकीचे सगळे फुकट. ते साध्या भाषेत लिहून काढायचं काम माझ्याकडं होतं. इंग्रजी आणि मराठी मी लिहायचं. पूर्ण झालं, सरांनी पास केलं, की सहकाऱ्यानं ते कानडीत आणायचं. पूर्ण झाल्यावर. आधी नाही.

या पुस्तकावर लेखक म्हणून माझं नाव छापायचं सरांनी कबूल केलं होतं. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते, कारण ज्यांच्या घरात आजोबांपासून पदव्या आहेत त्यांना ते सांगावं लागत नाही, भिंतीवरच दिसतं. आप्पांनी तर मी पहिलं पान लिहायच्या आत दूध डेअरीवर जाहीर करून टाकलं होतं.

"पोरगी पुस्तक लिवतीया."

"कसलं? गोष्टीचं?"

"न्हाय रं. कुलपाचं."

त्यामुळं नाव जायचं म्हणजे नुसतं माझं जायचं नव्हतं. आणि ज्याच्यावर माझा संशय होता तो टिळकवाडीतल्याच एका वकिलाच्या घरचा. त्याला कुठल्या पुस्तकावर नाव नसलं तरी चालण्यासारखं होतं. मला हेच जास्त लागत होतं.

आमच्या ऑफिसातही हीच व्यवस्था, म्हणून आधी मी नियमच तपासले. एक चाचणीचं खातं उघडलं, त्यातून माझ्या फोल्डरमध्ये शिरायचा प्रयत्न केला. परवानगी नाही. त्याच्या गटातून केला. परवानगी नाही. कुलूप पक्कं होतं. मग म्हणजे हा माझ्या खांद्यावरून वाचतोय. मी स्क्रीन भिंतीकडं वळवला. पासवर्ड बदलला, तो टाकताना दुसऱ्या हातानं कीबोर्ड झाकायला लागले. पाणी प्यायला उठले तरी मशीन बंद.

"काय रं," शेवटी मी एकदा विचारलंच, "माझ्या स्क्रीनमध्ये काय शोधतोस?"

"तुझ्या? त्या वॉलपेपरच्या डाळिंबात शोधण्यासारखं काय आहे?"

"शनिवारी काय लिहिलं ते तुला कसं कळलं?"

तो हसला. "आक्का, तू आता माणसांच्याही परवानग्या लिहायला लागलीस वाटतं. कुणी कुणाकडं बघायचं, कुणी नाही. आमच्या आईला एक प्रत दे."

उत्तर मात्र दिलं नाही. हसून विषय टाळणाऱ्या माणसाबद्दल जे वाटतं तेच मला वाटलं. त्यानं देऊ केलेला चहा मी घेतला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं दिलाही नाही.

मग मी सापळा लावला.

आमच्या भागातल्या बऱ्याच प्रयोगशाळांत दोन मुलं एका मशीनवर बसतात. बाक एक, मशीन एक, खाती दोन. एकानं टायपायचं, दुसऱ्यानं सांगायचं, मग जागा बदलायच्या. ही सवय मला ठाऊक, मीही तशीच शिकले. मी माझ्या मसुद्यात एक खोटा नियम घुसडला: एका बाकावरची दोन मुलं आपोआप एका गटात धरली जातात आणि त्यांचे फोल्डर एकमेकांना उघडे राहतात. ऐकायला अगदी खरं. आमच्या भागातला माणूस तर म्हणेल, बरोबरच आहे, शेजाऱ्याला कसं नाही म्हणायचं? पण असा नियम कुठंही नाही, आणि असता तर वेगळ्या खात्यांना काही अर्थच उरला नसता. हा खोटा नियम फक्त माझ्या फोल्डरमध्ये होता. ज्याच्या तोंडून बाहेर पडेल तो चोर.

त्यानंतर बैठक झाली, तो काही बोलला नाही. पुढच्या बैठकीतही नाही. सावध झाला, मी म्हटलं.

बोरगावच्या बाजूच्या एका कॉलेजात व्यवस्था दाखवायला सर आम्हा दोघांना घेऊन गेले. निपाणी ओलांडली की गाडीत तंबाखूचा वास येतो, काचा बंद असल्या तरी. सर पुढं, आम्ही दोघं मागं. मध्ये माझी बॅग.

प्रयोगशाळेत कॉलेजचे संगणक विभागप्रमुख बसले होते, कमी बोलणारे गृहस्थ. पडद्यावर एकेक पान येत होतं, पानं सहकाऱ्यानं बनवलेली, बोलत सर होते. मी मागच्या बाकावर. आणि मग पडद्यावर माझा खोटा नियम आला. बाकावरची दोन मुलं, एक गट, उघडे फोल्डर. सुबक बाणासहित.

मी सहकाऱ्याकडं पाहिलं. सापडलास. पण तो शांतपणे पुढचं पान लावायच्या तयारीत होता. पकडल्या गेलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. आणि सर तो नियम वाचून दाखवत नव्हते, समजावून सांगत होते. जुनी ओळख असल्यासारखे.

"थांबा," विभागप्रमुख म्हणाले. "म्हणजे शेजारच्याचं उत्तर शेजारच्याला दिसणार? मग परीक्षा तरी कशाला घ्यायची? दोघांना मिळून एक पेपर देतो की."

मागं उभे असलेले प्रयोगशाळेचे सहायक खळखळून हसले. सर वळून माझ्याकडं बघत म्हणाले, "हे लेखन बाईंचं आहे."

नाव छापताना आठवेल की नाही माहीत नाही, चूक निघाल्यावर बरोबर आठवलं. मी उठले. पुढच्या मशीनपाशी गेले.

"ते कच्चं आहे, सर. पुस्तकात नाही. खरा नियम मी करून दाखवते."

मी दोन मुलांची खाती उघडली, एकातून दुसऱ्याकडं शिरायचा प्रयत्न केला. परवानगी नाही. आत काय आहे त्याची यादी मागितली. परवानगी नाही. गट बदलून पाहिला. तेच. विभागप्रमुख जवळ येऊन उभे राहिले.

"चांगलं आहे. म्हणजे कुणालाच दिसत नाही?"

हो म्हणून मोकळं होता आलं असतं. पण मी नियम लिहिणारी. "एक खातं सोडून," मी म्हटलं, आणि व्यवस्थापकाच्या मुख्य खात्यातून त्याच मुलाची फाईल उघडायला घेतली. उघडली. ना विचारणं, ना अडवणं. "हे सगळे नियम बाकीच्यांसाठी. मुख्य खात्याला यातला एकही लागू नाही. ज्याच्या हातात ते, त्याला सगळं दिसतं. आणि कुणाला पत्ताही लागत नाही, नोंद ठेवायची सोय मुद्दाम केली नाही तर."

बोलता बोलताच मला कळलं. आमच्या ऑफिसात मुख्य खातं एकाच माणसाकडं होतं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी मी संशय घेतला तो शेजारच्या टेबलावर. वर बघायचं डोक्यातच आलं नाही.

मी सरांकडं पाहिलं. ते फोन बघत होते.

परतीच्या वाटेवर हत्तरगीचा टोलनाका मागं पडला. मग सहकारी म्हणाला, "सर, ते बाकाचं पान तुम्हीच पाठवलं होतं मला. त्या शनिवारच्या वाक्यासारखंच. मला वाटलं, तुम्ही लिहिता. हिनं विचारलं तेव्हा तुमचं नाव घ्यायला धजलो नाही."

"मीच पाठवलं," सर आरशातून म्हणाले. "त्यात काय झालं? मी तुमचे डबे उघडतो, घास घेतो, तेव्हा रागावता का? आपलं ऑफिस म्हणजे घरच. काम कुठवर आलं बघायला नको?"

ते खरंच डबे उघडत. कुणाचाही. झुणका असला की आधी. आम्ही त्याला माया समजत होतो.

"विचारलं असतं तर दाखवलं असतं," मी म्हटलं.

"विचारून काय कळतं?" त्यांनी गिअर बदलला. "खरं सांगू का? तुझं लिखाण एवढं चांगलं यायला लागलं की मला शंका आली. म्हटलं, ही पिरनवाडीहून येते, घरात कुणी शिकलेलं नाही. कुठून उतरवते की कुणाकडून लिहून घेते? रोज बघितलं. ओळी खोडतेस, परत लिहितेस. तूच लिहितेस. खात्री झाली माझी."

त्यांना वाटलं हे कौतुक आहे. सहकाऱ्यानं खिडकीकडं तोंड फिरवलं. मी त्याची माफी मागितली नाही, ती माझ्या स्वभावात नाही. पण मधली बॅग उचलून पायाशी ठेवली.

"आणि तो बाकाचा नियम खोटा होता तर?" सरांनी विचारलं.

"कोण वाचतंय ते बघायला घातला होता."

त्यांनी गाडीचा वेग वाढवला. वंटमुरीचा घाट उतरून काकतीजवळ आलो तेव्हा म्हणाले, "ते मुख्य खात्याचं पुस्तकात नको. लोक बिचकतात."

"ते वाक्य राहील, सर. नाहीतर माझं नाव काढा."

"विचार करतो."

विचार चालू असताना मी माझ्या मसुद्याची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन घरी ठेवली, आणि ऑफिसातल्या फोल्डरमध्ये रोज थोडंथोडंच लिहीत गेले. वाचणाऱ्यानं वाचावं. सर पहिल्यासारखेच हसून बोलत. डबे मात्र आम्ही दोघं आता खाली वॉचमनच्या खोलीत खायला लागलो होतो.

पुस्तक छापून आलं. मी पहिल्यांदा मुख्य खात्याचं पान काढलं. वाक्य होतं, नोंद ठेवायच्या सूचनेसहित. सरांचं मन पालटलं असं मी म्हणणार नाही. विभागप्रमुखांनी ते लेखी मागितलं होतं, असं सहकाऱ्याकडून कळलं. मग पहिलं पान काढलं. लेखक या शब्दाखाली दोन नावं होती. वरचं सरांचं, खालचं माझं.

घरी आप्पांनी हात धुऊन, टॉवेलला पुसून पुस्तक घेतलं. चष्मा लावला. माझ्या नावाखाली बोट ठेवून अक्षर अक्षर वाचलं. मग बोट वर सरकलं.

"ह्ये वरचं कोण?"

"मालक."

"त्येनं काय लिवलं?"

"काही नाही. वाचलं."

आप्पा चष्म्यावरून बघत राहिले. मी गंमत करतीया की काय, हे त्यांना ठरवता येईना.

"निस्तं वाचून नाव लागतंय व्हय?"

"लागलं की, आप्पा."

"मग मीबी वाचतो," ते म्हणाले, आणि पुस्तक मांडीवर घेऊन पहिल्या पानापासून सुरुवात केली.