मातीचा वास

मी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरीला असताना शेवंताबाई पिशवीभर माती घेऊन आल्या. शहरातल्या सांडपाण्याचा शुद्ध करून वाळवलेला गाळ त्या शेतात खत म्हणून घालत होत्या.

"वांगी झ्याक आली, ताई. पण मातीला वासच येत नाय."

पुढच्या आठवडाभरात मी काचेच्या बशीत त्या मातीतले जिवाणू वाढवून पाहिले. गर्दी होती, पण मातीला वास देणारे जवळजवळ नव्हते. इतक्या गर्दीतही नसलेल्यांची उणीव कुणाला जाणवावी, याचं मला नवल वाटलं.

निकाल घ्यायला त्या पुन्हा आल्या, तेव्हा मी हे सांगितलं. "परत येतील?" त्यांनी विचारलं.

"गाळ थांबवून शेणखत घाला. येतील, पण वेळ लागेल."

"लागू दे. मालक गेल्यापासून त्या वासासाठीच शेतात जाते मी."

त्या उठल्या नाहीत. बंद करायची वेळ झाली, तरी मी उठवलं नाही. घरी माझीही कुणी वाट बघत नव्हतं.