काटेवाल्याचं माप

बाजारातल्या लोकांचे वजनकाटे दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला काटेवालाच म्हणत. त्याला वाढवणारी थोरली बहीण गेली आणि त्याने दोन महिने अंथरूण धरलं. डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या उदासीवरच्या गोळीने त्याला उठवून दुकानात बसवलं, खोटं कशाला बोलायचं. पण पुढची तीन वर्षं गडी नुसता बसलेलाच. पोटच्या मुलीचं लग्न झालं; हा उभा राहिला, जेवला, घरी आला. ना हसू, ना डोळ्यांत टिपूस. वाईट वाटत नाही याचंसुद्धा त्याला वाईट वाटेना.

एक दिवस म्हणाला, "आता गोळी बंद. तिच्यापायी रडूसुद्धा येत नाही."

बायको धास्तावली. पुन्हा अंथरूण धरलं तर?

"एकदम नाही गं. मापात सोडतो."

आणि महाशयांनी काय करावं? ब्लेडने गोळीचे चार तुकडे केले, सोनाराच्या काट्यावर तोलले, घासून घासून सारखे केले आणि रोज तीनच घेऊ लागले. चौथ्या दिवशी डोक्यात विजेसारखे झटके, स्टुलावरून तोल गेला. बायकोने दंडाला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिथेही याने तुकड्यांची डबी ऐटीत पुढे ठेवली.

"वजन चोख आहे हो," बाई म्हणाल्या, "पण ही गोळी दिवसभर हळूहळू विरघळायची असते. कापली की सगळी एकदम विरघळते, मग उरलेला दिवस कोरडा." त्यांनी कमी ताकदीची अख्खी गोळी दिली, पायरी पायरीने उतरायला आठ महिने लागतील म्हणाल्या. झोप उडाली, जेवण तुटलं, जिवाचं काही भलतं मनात आलं, तर लगेच फोन.

आठ महिने बायको त्याचे घास बघत राहिली. तो होता तसाच, कोरडा ठणठणीत. शेवटची गोळी संपून महिना झाला आणि एका दुपारी दुकानात, स्क्रू आवळता आवळता, तो हुंदके देऊन रडायला लागला. डबा घेऊन आलेली बायको हबकलीच. तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"जेवतायत? झोपतायत?"

"हो."

"जिवाचं काही बोलतायत?"

तिने त्याला सरळ विचारलं. त्याने मान हलवली. नाही.

"मग रडू द्या. उद्या मात्र घेऊन या."

"काय म्हणाल्या?" त्याने नाक पुसत विचारलं.

"रडा म्हणाल्या."

"ताई गेली गं," तो म्हणाला.

"हो, गेली," ती म्हणाली, आणि शटर अर्ध्यावर ओढून त्याच्याजवळ बसली.