नुसती पिशवी काढली

‘पिशवी काढली’ हे दोन शब्द आमच्या घरात सगळ्यांकडून घोटून घेतले होते. माझं गर्भाशय काढलं ते कॅन्सरमुळे. पण ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जाता कामा नये, हे सासूबाईंनी मी शुद्धीवर यायच्या आधीच ठरवून टाकलं. का, तर लेकीचं लग्न जमत आलं होतं. अंबडच्या कारखान्यातल्या मैत्रिणी, शेजारणी, होणाऱ्या विहीणबाई, सगळ्यांना एकच उत्तर: नुसती पिशवी काढली. मीही पोपटासारखी तेच म्हणत राहिले. आता स्वतःचाच संताप येतो.

ऑपरेशन करणाऱ्या नाशिकच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, “तुमचा धोका कमी आहे.” आमच्या ह्यांनी लगेच हात जोडले. मी विचारलं, “पण परत येईल का?” त्या म्हणाल्या, “तुमच्यासारख्या बहुतेक जणींना येत नाही, काहींना येतो. त्या नेमक्या कोणत्या, हे आज कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून तपासणी चुकवायची नाही, आणि रक्ताचा एक डाग दिसला तरी लगेच यायचं.” एवढं सगळं त्या बोलल्या, आणि घरी पोचलं काय? ‘कमी’! दोन तपासण्या झाल्या, मग लग्नाची गडबड, मग “कमी आहे ना, कशाला सारख्या चकरा?” अहो, जीव माझा, आणि धोका कमी म्हणणार तुम्ही!

लग्नानंतर त्र्यंबकला लेकीकडे राहायला गेले होते, तिथेच डाग दिसला. विहीणबाई स्वतः मला जवळच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी विचारलं, “आधी काही ऑपरेशन?” मी तोंड उघडायच्या आत विहीणबाई म्हणाल्या, “पिशवी काढलीये त्यांची.” डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. शेजारी लेकीची सासू बसलेली. मी मान हलवली, बस्स. जंतुसंसर्ग असेल म्हणून त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. दीड महिना मी त्या मुकाट्याने गिळल्या. डाग काही थांबले नाहीत.

शेवटी घरी येऊन साड्यांखाली लपवलेली फाइल काढली आणि एकटीच नाशिकच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. तपासण्या झाल्या. त्या म्हणाल्या, “टाके घातले तिथेच परत आलाय. रेडिएशन देऊ, अजून हाताबाहेर गेलेलं नाही. पण पहिल्याच डागाला का नाही आलात?” काय सांगणार, कपाळ?

तशीच त्र्यंबकची बस धरली. लेकीच्या स्वयंपाकघरात उभी राहून सांगितलं, “विहीणबाई, मला कॅन्सर होता. पिशवी त्यासाठीच काढली. आता तो परत आलाय.” लेक रडायला लागली. ती आधी माझ्या कुशीत शिरेल असं वाटलं होतं, पण ती सासूच्या तोंडाकडे बघत होती.

विहीणबाईंनी गॅस बंद केला. हळू आवाजात म्हणाल्या, “माझीपण पिशवी त्यासाठीच काढली. तीन वर्षं झाली. पोराला माहीत नाही.”

“आणि तपासणी?”

“कमी धोका आहे म्हणाले होते. पोराचं लग्न जमवायचं होतं, मग जाणंच सोडलं.”

असं डोकं फिरलं म्हणता! ओरडलेच मी, “फाइल कुठाय?” त्यांनी तांदळाच्या डब्यामागून ती काढून दिली.

सोमवारी नाशिकला मी दोन नंबर लावले. त्यांचा आधी.